दोघांनाही खिडकी

तीर्थस्वरूप दादांना साष्टांग नमस्कार.

(कंबर धरल्यामुळे खरोखरीचा घालता येत नाही, तेव्हा कागदावरचा गोड मानून घ्यावा.) आपली प्रकृती बरी असेल असं धरून चालतो. वहिनींचा खोकला काय म्हणतो? ऑफिसातला पंखा दुरुस्त झाला, की गिऱ्हाइकाला अजून वारा घ्यायला पुठ्ठाच देता? इकडे मी खुशाल आहे. म्हणजे एकटा माणूस जेवढा खुशाल असतो तेवढा आहे. दूध दोनदा उतू गेलं आणि एक सांडशी कुठे ठेवली ती सापडत नाही, बाकी घर जागच्या जागी आहे.

तुमचा परवाचा निरोप मिळाला. निरोप कसला, तीन शब्द: "ठकी कुठे आहे?" (साठीच्या, सबंध वॉर्डाला धाकात ठेवलेल्या हेड नर्सला ठकी म्हणणारे जगात तुम्ही एकटेच. तुम्ही थोरले भाऊ, तुम्हाला शोभतं. मी एकदा म्हणून पाहिलं होतं, परत म्हटलं नाही.) तर ठकी सुखरूप आहे. तळ्याकाठच्या त्या विश्रामघरात, तळमजल्यावरच्या खोलीत आहे. आम्ही दोघं गेलो होतो आणि गेल्या शनिवारी मी एकटा परत आलो. भांडण झालेलं नाही. कोणी रुसून गेलेलं नाही, कोणी कोणाला टाकलेलं नाही, निदान मला तरी तसं कळवण्यात आलेलं नाही. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याला "मी तेव्हाच म्हटलं होतं" म्हणणार आणि मी दुसऱ्या वाक्याला "तुम्ही काहीच म्हटलं नव्हतं" म्हणणार, आणि मूळ गोष्ट राहून जाणार. पत्रात मधे बोलता येत नाही. म्हणून पत्र.

तुम्ही खरंच काही म्हटलं नव्हतंत, तेच तर आहे. म्हटलं होतं ते मी. तुमच्या सत्तरीच्या जेवणात, चारचौघांत, तोंडात घास असताना मी म्हणालो की आजकाल ट्रॅव्हल एजंट म्हणजे माणूस आणि गाडी यांच्या मधे खुर्ची टाकून बसलेला इसम, तो उठला तर दोघांचीही सोय होईल. सगळे हसले. तुम्हीही हसलात. पण नंतर तुम्ही गोड दुसऱ्यांदा घेतलं नाहीत. हे मला तेव्हा दिसलं नाही, घरी जाताना रस्त्यात सांगण्यात आलं, आणि मी म्हणालो, साखर असेल. दादा, बत्तीस वर्षं आमचं प्रत्येक तिकीट तुमच्या टेबलावरून गेलं आणि त्याची परतफेड मी एका विनोदाने केली, तोही फारसा चांगला नव्हता. त्याबद्दल माफी मागतो. ती मी पत्राच्या शेवटी मागणार होतो, पण शेवटी दुसरं काही मागायचं आहे आणि एका पत्रात दोन मागण्या शेजारी ठेवल्या तर पहिली खोटी वाटते.

आता तुमच्या ऑफिसात यायचं म्हणजे काय असायचं ते आठवा. एक टेबल, तीन खुर्च्या, त्यातली एक फक्त दिसायला. भिंतीवर डोंगराचं चित्र, त्याचा एक कोपरा सुटलेला. मी पेपर उघडायचो आणि तुम्ही मला भलतंच काहीतरी विचारत बसायचे. झोप लागते का? सकाळचा चहा किती वाजता? जिन्यावर कोणाची पावलं वाजली तर जाग येते का? मला वाटायचं, गिऱ्हाईक नसलं की माणूस असा पाल्हाळ लावतो. तिकिटाचा आणि झोपेचा संबंध काय? त्या मानाने कॉम्प्युटर मला फार सुसंस्कृत वाटला. तो विचारतो कुठून, कुठे, कधी, किती जण. प्रौढ किती, बालके किती. बस. मी आयुष्यभर वर्गावर हेच शिकवत आलो, की उदाहरणात दिलेलं आहे तेवढंच घ्या, बाहेरचं घेऊ नका.

आणि दादा, नियोजन मला येत नाही असं तर कोणी म्हणू शकणार नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत बावीस वर्षं सबंध शाळेचं वेळापत्रक मी एकट्याने केलं. (शिक्षकखोलीत माझं नावच 'तासवाले' पडलं होतं. पाठीमागे म्हणायचे, पण मला आवडायचं.) बाहेरच्याला वाटतं वेळापत्रक म्हणजे चौकोन आखून विषय भरले की झालं. तसं नसतं. चाळीस शिक्षक, सव्वीस वर्ग, एक प्रयोगशाळा, आणि चित्रकलेच्या बाई आठवड्यातून फक्त तीन दिवस. त्यात नियम एकच, पण जीवघेणा: एका तासाला एका वर्गात दोन शिक्षक येता कामा नयेत. आले की त्याला आम्ही टक्कर म्हणतो. बावीस वर्षांत माझ्या वेळापत्रकात एकही टक्कर झाली नाही. दुसरी गोष्ट, मोकळा तास उघडा दिसू द्यायचा नाही, दिसला की मुख्याध्यापक त्यात बदली तास घुसवतात. हे दोन नियम माझ्या अंगात इतके मुरले आहेत की घरी चहाला कोणी येणार असलं तरी मी आधी मनात कोण कुठे बसणार ते आखतो.

तर या प्रवासासाठी सलग अकरा संध्याकाळी मी बसलो. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला, रंगीत पेन्सिली घेतल्या, आणि दोन रकाने केले. एक माझा, एक तुमच्या बहिणीचा. आणि मग प्रत्येक जागी दोघांनाही उत्तमातलं उत्तम मिळालं पाहिजे असा निश्चय केला. यात माझं काय चुकलं ते सांगा. गाडीत शेजारी-शेजारी बसलं तर खिडकी एकालाच मिळते, दुसऱ्याने आयुष्यभर पदरी पडलं पवित्र झालं म्हणायचं. मी दोघांनाही खिडकी घेतली. एकापुढे एक. विश्रामघरात दोघांची मोठी खोली होती, पण ती मागच्या अंगाला, तिथून दिसणार भिंत. तळ्याकडच्या खोल्या एकेकट्याच्या होत्या, त्या दोन घेतल्या. तिचे गुडघे दुखतात म्हणून तिला तळमजला, मला उंचावरून बघायला आवडतं म्हणून तिसरा मजला. निवृत्तीनंतर ती सकाळी उशिरा उठते, तेव्हा तिचा नाश्ता साडेआठला, माझा साडेसातला. मी टेकडी चढणार तेव्हा ती नावेतून तळं बघणार, मी जुनं घड्याळघर बघणार तेव्हा ती आडवी होणार. फॉर्म मी दोनदा भरला, एकदा माझा, एकदा तिचा. शेवटी एक रिकामी चौकट होती, 'विशेष सूचना' म्हणून. कोरी चौकट सोडणं माझ्या रक्तात नाही. मी लिहिलं: 'दोघांच्या वेळा कोठेही एकमेकांवर येणार नाहीत याची कृपया दक्षता घ्यावी.' हेच वाक्य मी बावीस वर्षं दर जूनमध्ये शाळेच्या सूचनाफलकावर लावत आलो. कोणाचा काही गैरसमज झाला नाही.

कागद तयार झाल्यावर मी तुमच्या बहिणीला दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला, वरपासून खालपर्यंत, आणि म्हणाली, "छान झालंय." मी खूश झालो. (तिच्या 'छान झालंय'चे किती प्रकार आहेत हे तुम्ही लहानपणापासून जाणत असाल. मला चौतीस वर्षांत दोनच कळले आहेत.)

प्रवास उत्तम झाला. म्हणजे मला मागून तिचा अंबाडा आणि खुर्चीची पाठ दिसत होती. मला काही दाखवायचं असलं, समजा एखादा पूल, तर मी पुढे वाकून फटीतून सांगायचो, आणि तिचं डोकं वळेपर्यंत पूल गेलेला असायचा. तिसऱ्या पुलानंतर मी नाद सोडला. तिच्या शेजारी एक शिंपीणबाई होत्या, त्यांच्याशी तिची चांगली गट्टी जमली. दोघी हसत होत्या. कशाला ते फटीतून ऐकू आलं नाही. माझ्या शेजारचा माणूस झोपला होता.

विश्रामघराची मालकीण म्हणजे गळ्यात दोरीने चष्मा अडकवलेली, हळू बोलणारी, फार समजूतदार बाई. आम्ही पोचलो तर तिने आधी हिला आत नेलं, मला बाहेर बाकावर बसवलं, पाणी दिलं, आणि दहा मिनिटांनी मला दुसऱ्या बाजूने नेलं. जाताना कानाशी येऊन म्हणाली, "काळजी करू नका, दोन्हीकडचे जिनेसुद्धा वेगळे आहेत." मला वाटलं आगीबिगीची सोय सांगते आहे. मी तिचं कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा नाश्ता होत आला तशी ती घड्याळाकडे बघत माझ्याभोवती घिरट्या घालायला लागली, सव्वाआठला बशी उचलली, आणि बागेकडचं दार उघडून धरलं. म्हणाली, इकडून जा, म्हणजे कोणाची गाठ पडायची नाही. मी मनात म्हटलं, काय शिस्त आहे, आमच्या शाळेत असती तर उपमुख्याध्यापक केली असती. रात्रीच्या जेवणाला तिने आम्हाला दोन टोकांची टेबलं दिली, मधे एक भलं मोठं झाड कुंडीत. टेबलांवर खोल्यांचे नंबर होते, आणि नंबर मोडून बसणारा माणूस मी नव्हे. झाडाच्या पानांतून तुमच्या बहिणीने मला चमच्याने हात केला. मीही केला. असे दोन दिवस गेले आणि मी तुम्हाला खोटं सांगत नाही, ते दोन्ही दिवस मी मनातल्या मनात म्हणत होतो की बघा, एजंटाशिवाय सगळं कसं सुरळीत चाललं आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी मालकीणबाई मला जिन्यात भेटल्या. माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "तुम्ही फार शांतपणे घेताय हं. माझ्या बहिणीचा नवरा वेगळं झाल्यावर वर्षभर दार वाजवत होता." मी विचारलं, कशाबद्दल बोलताय. मग त्यांनी सांगितलं. एकच आडनाव, एकच गाव, एकच दिवस, खोल्या दोन, वेळा दोन, आणि वर ती माझी सूचना. त्यांनी बिचारीने कोणालाही अवघड होऊ नये म्हणून जिवाचं रान केलं होतं. मी म्हटलं, बाई, आम्ही नवराबायको आहोत, चौतीस वर्षं झाली, आणि उत्तम चाललं आहे.  त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ज्याची बदली झाल्याचं सगळ्या शाळेला माहीत असतं आणि ज्याची झाली त्यालाच नसतं, त्याच्याकडे आम्ही पाहायचो तसं. मग हळूच म्हणाल्या, "त्यांच्याशी मी पहिल्याच दिवशी याबद्दल बोलले होते. त्या काही म्हणाल्या नाहीत."

दादा, मी घड्याळघराची वेळ सोडली. कागदावर तिथे पक्क्या निळ्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं, तरी सोडली. तळ्याच्या धक्क्यावर गेलो. वारा सुटल्यामुळे नावा बंद होत्या आणि तुमची बहीण बाकावर एकटी बसली होती, दोरखंडाच्या वेटोळ्यावर पाय टेकून. मला बघून तिला नवल वाटलं नाही. मी शेजारी बसलो आणि विचारलं की तू त्या बाईला खरं का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "पहिल्या दिवशी गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं."

यापुढचं लिहायला मला वेळ लागला, मधे उठून पाणी प्यालो. ती रागाने बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती अगदी साधं बोलत होती, वॉर्डात पेशंटच्या नातेवाइकांना समजावून सांगायची तसं. म्हणाली, तुमचा कागद मी पाहिला तेव्हाच बघितलं, गाडी आणि रात्रीचं जेवण सोडलं तर पाच दिवसांत आपण दोघं एका ठिकाणी असू असा एकही तास त्यात नाही. मी म्हटलं, शक्यच नाही. कागद खिशातच होता, काढला, तिच्यासमोर बोट फिरवत गेलो. एक सापडला. चौथ्या दिवशी बसच्या थांब्यावर, वीस मिनिटं. ती म्हणाली, तुमचं काही चुकलं नाही, आपलं घर असंच चाललं. तुम्ही सकाळी जायचे तेव्हा मी रात्रपाळीहून यायची, मी निघायची तेव्हा तुम्ही वह्या तपासत असायचे. पोरगी वाढली, तिचं लग्न झालं, कुठे अडलं नाही. "तुमची एकही टक्कर झाली नाही," म्हणाली. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी शाबासकी मला त्या बाकावर मिळाली आणि ती कुठे ठेवावी ते कळेना.

मग तिने तुमची गोष्ट सांगितली. दर वर्षी, मी तुमच्या ऑफिसात पेपर वाचून गेल्यानंतर, तुम्ही वॉर्डात फोन करायचे आणि तिला अर्धा अर्धा तास विचारायचे. आणि ती तुम्हाला काय सांगायची? यांची खोली जिन्याजवळ नको, पावलांनी जाग येते. यांना सहाला चहा मिळेल असं बघ. पेपर मिळेल असं दुकान जवळ असू दे, नाहीतर दिवसभर चिडचिड करतात. आणि मी बत्तीस वर्षं म्हणत आलो की प्रवासाच्या बाबतीत माझं नशीबच चांगलं आहे, कुठेही गेलो तरी पेपर कसा नेमका कोपऱ्यावर मिळतो. तुम्ही दोघा भावंडांनी मला एकदाही सांगितलं नाहीत की ते नशीब तुमच्या टेबलावर तयार व्हायचं. काखेत कळसा असणारा माणूस निदान गावाला वळसा तरी घालतो, मी पेपर वाचत बसलो होतो.

एकदा म्हणे तुम्ही तिला विचारलंत, हे सगळं त्याचं झालं, तुला काय हवं ते सांग. ती म्हणाली, मला आठ दिवस कोणी काही विचारू नये. औषध कुठलं, डबा कुठाय, पाहुण्यांना काय करायचं, काही म्हणजे काही नाही. आणि तुम्ही म्हणालात, "ठकी, तेवढं माझ्या ऑफिसात मिळत नाही." एवढं सांगून ती तळ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, ते या वेळी तुम्ही मिळवून दिलंत. दादा, हे तिने आभार म्हणून सांगितलं की तक्रार म्हणून, मला अजून कळलेलं नाही. मी गणिताचा शिक्षक आहे, बरोबर की चूक असं लिहून मोकळा होणारा माणूस.

त्या दिवशी मी झाल्या गोष्टीची भरपाई करायला निघालो. कुंडी सरकवली (कंबर तेव्हाच धरली), तिच्या टेबलाशी खुर्ची नेऊन बसलो, आणि जेवताना तिच्याशी मनापासून बोललो. पाय कसे आहेत, उद्या कुठे जायचं, सूप गार आहे का, खिडकी लावू का. जेवण झाल्यावर ती म्हणाली, सतरा झाले. मी विचारलं काय सतरा. ती म्हणाली, अठरा. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण हा बैल भरून आला आणि थेट तिच्या अंगणात उधळला. पुढचा दिवस मी तोंड मिटून काढला. तिने ते बघितलं आणि एकदा माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि दोघं बसच्या थांब्यावर त्या वीस मिनिटांत काही न बोलता बसलो. ती वीस मिनिटं चांगली गेली. बस वेळेवर आली याचं मला पहिल्यांदाच वाईट वाटलं.

शनिवारी निघायच्या वेळी माझी बॅग दारात आणि ती पायात सपाता घालून उभी. म्हणाली, मी आठ दिवस अजून राहते, खोली रिकामी आहे, तुम्ही जा, तुमचं तिकीट आहे. आणि मी, दादा, तिच्याकडे बघायचं सोडून तिकिटाकडे बघितलं. त्यावर गाडीची वेळ होती, डब्याचा नंबर होता, जागेचा नंबर होता. आणि मी गेलो. त्या क्षणी दुसरं काही करता आलं असतं हे मला गाडी सुटल्यावर सुचलं. माझ्या पुढची खिडकी रिकामी होती. मधल्या एका स्टेशनावर एक म्हातारेसे गृहस्थ चढले आणि त्यांनी नम्रपणे विचारलं, इथे कोणी आहे का. मी म्हटलं, हो, आहेत. बिचारे तासभर उभे राहिले. मला त्यांची दया येत होती, पण 'नाही' हा शब्द तोंडातून फुटेना.

आज बुधवार. तिचा रोज संध्याकाळी फोन येतो, जेवलात का, गोळी घेतली का. मी हो म्हणतो. मग मी गप्प बसतो, कारण तिला विचारलेलं नको आहे हे आता मला कळलं आहे, आणि विचारायचं सोडून तिच्याशी काय बोलायचं ते मी अजून शिकलेलो नाही. ती म्हणते, ठेवू? मी म्हणतो, ठेव. रविवारी आठ दिवस भरतात. परत यायचं ती बोललेली नाही. खोली महिनाभर रिकामी आहे हे मात्र मालकीणबाईंचं वाक्य तिने मला दोनदा सांगितलं. घरात मी काल पाहिलं, तर तिच्या कपाटातून तिने फार थोडे कपडे नेले आहेत. यावरून काय निष्कर्ष काढायचा? थोडे नेले म्हणजे येणार आहे, की थोड्यातच भागतं म्हणून येणार नाही? दोन्ही उत्तरं जुळतात, आणि मला भीती वाटते. हे मी वर्गात कधी कबूल केलं नाही, तुम्हाला करतो.

तर एजंट बरा की आपलं आपण बरं, या तुमच्या-माझ्या जुन्या वादाबद्दल माझं प्रामाणिक मत असं आहे की आपलं आपण केलं तर सगळं बिनचूक होतं. याहून जास्त मला त्याबद्दल लिहवत नाही. वहिनींना नमस्कार सांगा. कळावे, लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा ही विनंती, या वेळी जरा खरीखुरी.

आपला,
तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. कॉम्प्युटर रोज मला विचारतो आहे की तुमचा प्रवास कसा झाला, पाचपैकी तारे द्या. जाण्याआधी एक शब्द विचारला नाही आणि आता पाठ सोडत नाही. तुम्ही उलटं करायचे. मी अजून तारे दिलेले नाहीत.

ता. क. २. मुख्य गोष्ट राहिलीच. तिकडे जायचं एक तिकीट हवं आहे. ते मला स्वतःला काढता येतं, दोन मिनिटांचं काम आहे, काल तीनदा शेवटच्या बटणापर्यंत जाऊन आलो. पण त्याच्या आधी एक प्रश्न आहे आणि तो टाकायला तिथे चौकट नाही. मी येऊ का, एवढाच. मी विचारला तर ती 'या' म्हणेल. चौतीस वर्षं कोणी काहीही मागितलं तरी ती 'हो' म्हणत आली आहे, त्यामुळे माझ्या हातात तिचं खरं उत्तर कधी पडायचं नाही. तुम्हाला ती खरं सांगते. तर तुम्ही तिला फोन करा आणि नेहमीसारखं विचारा.

ता. क. ३. विचारताना माझी बाजू मांडू नका. तिची खोली तिची राहू दे, हेही सांगा. मी गावात दुसरीकडे कुठेही राहीन, जिन्याजवळची खोली असली तरी चालेल. परतीचं तिकीट काढू नका, ते तिचं ती ठरवेल.

ता. क. ४. ती 'येऊ दे' म्हणाली तर लगेच फोन करा. 'नको' म्हणाली तर फोन करू नका, पत्र लिहा. तुमच्याकडून पत्र यायला चार दिवस लागतात.